एअर पिस्तूलचा छर्रा नीट बसंना, साठात पाच-सहा शॉट खाली आठात... कुणाला अनुभव?

रंकाळ्याचा_वारा | रविवार, रात्री १०:४०

मंडळी जरा मदत करा. मी स्वतः नेमबाज नाही, नेमबाजाचा बाप आहे, म्हणजे ड्रायव्हर, हमाल आणि खजिनदार. पोरगी नववीला आहे, दहा मीटर एअर पिस्तूल मारते, दीड वर्ष झालं. पिस्तूल सेकंडहँड घेतलंय पण मॅचचं आहे, ते २०० बार दाबाच्या हवेच्या सिलिंडरवालं. आमचं घर जुनं, सोप्यापासून परसदारापर्यंत सरळ दहा मीटर निघतात, शेवटाला जाड पत्र्याची तिरकी पेटी करून घेतलीय, छर्रे त्यात पडतात. शनिवार-रविवार रेंजवर आणि मधल्या दिवशी घरी असं चालतं.

आता झालंय असं, गणपतीपासून साठ शॉटात पाच-सहा शॉट अचानक खाली जायलेत. बाकी सगळे नऊ-दहा आणि मधेच एक आठ, बरोबर सहाच्या काट्यावर. एकदा तर सात. सगळ्यांनी पहिल्यांदा तिलाच धरलं, ट्रिगर झटकतेस, मनगट सोडतेस, रात्री मोबाईल बघतेस. मी पण बोललो, खोटं कशाला सांगू. ती रडकुंडीला आली आणि म्हणाली "बाबा मी नीटच धरलो होतो, आवाजच वेगळा आला." म्हणून काल तिच्या मागं स्टूल टाकून बसलो आणि टार्गेटकडं न बघता नुसता कान देऊन ऐकलं. खरंच की ओ! चांगला शॉट टक् वाजतो, कोरडा. खाली जाणारा फस्स् करून जातो. आणि ती म्हणते छर्रा आत ढकलताना काही छर्रे लोण्यासारखे जातात आणि काही अडतात, लिव्हर दाबायला जोर लागतो.

सिलिंडर भरलेला होता, प्रेशर बघितलंय. कुठनं सुरू करू?

मिसळ_मेंबर | रविवार, रात्री १०:५२

आधी पोरीला सॉरी म्हणण्यापासनं सुरू करा.

रंकाळ्याचा_वारा | रविवार, रात्री १०:५५

ते झालंय भावा, आईस्क्रीमसकट.

कळंबा_रोड | रविवार, रात्री ११:२०

दादा, मी पंधरा वर्षं पिस्तूल मारलंय, आता पोरांना शिकवतो. तुम्ही आवाज पकडला हेच निम्मं काम झालं, कारण हाताची चूक असती तर शॉट कुठंही गेला तरी आवाज तोच आला असता. फस्स् म्हणजे हवा छर्ऱ्यामागं न राहता बाजूनं निसटली.

छर्रा हातात घेऊन बघा एकदा. पुढं सपाट डोकं, मधे कंबर बारीक आणि मागं घागऱ्यासारखा पसरट भाग, त्याला स्कर्ट म्हणतात. डोकं बॅरलच्या आट्यांवरनं चालतं आणि स्कर्ट मागनं हवेच्या दाबानं फुलून नळीला घट्ट बसतो, तोच त्याचा वायसर. आता या घागऱ्याची कड एका बाजूनं चेपली असली तर तिथनं हवा जाणार. किंवा छर्रा वाकडा बसला तर. किंवा ब्रीचची, म्हणजे छर्रा नळीत शिरतो त्या मागच्या तोंडाची, ओ-रिंग (रबरी कडी) फाटली असली तर. तिन्ही गोष्टींनी लक्षण एकच दिसतं, म्हणून लोकांचा घोळ होतो.

मला एवढं सांगा. छर्रे कुठल्या हेडसाईजचे, म्हणजे डोक्याचा व्यास ४.४९ मिमी की ४.५०, डब्यावर स्टिकर असतो. ओ-रिंग शेवटची कधी बदलली. ती छर्रा ट्रेमधनं घेते की डब्यातनं. आणि लोड करताना बघते का, की सवयीनं हात चालवते?

रंकाळ्याचा_वारा | सोमवार, सकाळी ७:१०

ओ-रिंग बदललेली नाही, म्हणजे आम्ही घेतल्यापासून तर नाही, आधीच्या मालकाचं माहीत नाही. छर्रे आधी ट्रेमधे होते, सुट्टे खण असतात तसला. तो ट्रे फुटला म्हणून गणपतीच्या सुमाराला पाचशे-पाचशे छर्ऱ्यांचे दोन डबे आणले. स्टिकर बघतो संध्याकाळी. लोड न बघताच करते, मला वाटायचं हे भारी आहे, टीव्हीवर मोठे खेळाडू पण टार्गेटवर नजर ठेवून करतात.

निवृत्त_मास्तर | सोमवार, सकाळी ९:३५

इथं थोडं गणित करून टाकतो, म्हणजे हाताची चूक की हवेची याचा अंदाज येईल. एअर पिस्तूलचा छर्रा साधारण १५० मीटर प्रति सेकंद वेगानं निघतो असं धरा. दहा मीटरला लागतात ०.०६७ सेकंद, तेवढ्यात तो गुरुत्वाकर्षणानं २२ मिलिमीटर खाली येतो. ही घसरण साईटमधे आधीच धरलेली असते. आता हवा निसटून वेग १२० वर आला तर वेळ ०.०८३ सेकंद आणि घसरण ३४ मिमी. म्हणजे १२ मिमी जास्त. ११० वर आला तर जवळजवळ १९ मिमी जास्त.

टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं आणि त्यापुढं एकेक रिंग ८-८ मिमीनं बाहेर जाते, रेषेला छर्रा नुसता शिवला तरी वरचा गुण मिळतो. हिशोब घातला तर १२ मिमी खाली म्हणजे नऊ आणि १९ मिमी खाली म्हणजे आठ. तुमच्या लेकीचा आठ बरोबर सहाच्या काट्यावर जातो म्हणालात ना? हात हलला असता तर कधी चारच्या काट्यावर गेला असता, कधी आठच्या. नुसता खाली खाली जातोय म्हणजे मला तरी वेगाचाच दोष दिसतो. सात गेला त्यात मात्र थोडा तिचाही वाटा असावा, तेवढं कबूल करायला लावा.

मिसळ_मेंबर | सोमवार, सकाळी ९:५०

मास्तर, दहावीला तुम्ही असं शिकवलं असतं तर मी पण पास झालो असतो पहिल्या फटक्यात.

उद्यमनगरचा_टर्नर | सोमवार, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत वाचला धागा. पाव्हणं, ओ-रिंगचं टेन्शन घेऊ नका, शॉपवर या, रबर शीटमधनं पंच मारून देतो दोन मिनटात.

कळंबा_रोड | सोमवार, दुपारी १:३०

नको नको टर्नरभाऊ, प्लीज. तिथली रिंग गोल सेक्शनची असते, शीटमधनं काढलेली चौकोनी कडेची निघणार, ती पहिल्या दहा शॉटात कापून निघंल आणि तुकडा बॅरलमधे. मूळ पार्टच मागवायचा, शे-दोनशेचा विषय असतो. बाकी तुमच्या मायक्रोमीटरची गरज आहेच.

उद्यमनगरचा_टर्नर | सोमवार, दुपारी १:४२

बरं र्‍हायलं. पण मायक्रोमीटरनं छर्रा मोजू नका हां कुणी. शिसं मऊ असतंय, रॅचेट फिरवलं की दोन-तीन शतांश चेपतंय आणि तुम्हाला वाटतंय माप घेतलं. मला एकानं असंच व्हर्नियरनं मोजून आणून दाखवलं होतं, सगळे छर्रे अंडाकृती केलेले त्यानं स्वतःच. ४.४९ आणि ४.५० मधला फरक एक शतांश मिमी, तो व्हर्नियरला दिसतच नाही. वजन करा त्यापेक्षा. गुजरीत कुठल्याबी ओळखीच्या सराफाकडं जावा, मिलिग्रॅमचा काटा असतोय.

रंकाळ्याचा_वारा | सोमवार, रात्री ९:०५

घ्या. एका डब्यावर ४.४९ आणि दुसऱ्यावर ४.५०. आणि आमच्या बाईसाहेबांनी दोन्ही डबे एकाच स्टीलच्या डब्यात ओतलेत कारण "दोन डबे कशाला न्यायचे". तो स्टीलचा डबा स्कूटरच्या डिकीत असतो, आणि आमच्या घरापासून रेंजपर्यंतचा रस्ता म्हणजे काय सांगू, त्यावर वेगळा धागा निघेल.

कळंबा_रोड | सोमवार, रात्री ९:२०

अर्रर्र. सापडला की निम्मा चोर. बरं झालं विचारलं.

हेडसाईज मिक्स झाली म्हणून एक लोण्यासारखा जातो आणि एक अडतो. नुसत्या तेवढ्यानं फस्स् आवाज येईल असं नाही, ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा भोकांचा पुंजका, थोडा पसरतो एवढंच. पण सुट्टे छर्रे डिकीत खडखडत गेले म्हणजे एकमेकांवर आपटून स्कर्ट चेपणार हे नक्की. एक काम करा, पांढऱ्या कागदावर शंभरेक छर्रे पसरा, मोबाईलचा टॉर्च आडवा धरा आणि स्कर्टच्या बाजूनं बघा. गोल सावली पडायला पाहिजे. ज्याची सावली तुटकी दिसंल तो बाजूला.

डॅलसचा_पंचगंगावाला | सोमवार, रात्री ११:४८

लय दिवसांनी धागा वाचून मजा आली. मूळचा शुक्रवार पेठेतला, आता टेक्सासमधे. इथं मी ९ मिमी पिस्तूलची काडतुसं घरी भरतो, इथं कायद्यानं चालतं ते. तुमचा प्रॉब्लेम वाचून हसू आलं कारण गेल्या हिवाळ्यात मी सेम याच गोष्टीनं हैराण झालो होतो, फक्त छर्ऱ्याच्या जागी बुलेट.

थोडक्यात सांगतो. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, साईज करायची, नवा प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी), मग तोंड जरासं पसरवायचं म्हणजे बुलेट सरळ उभी राहते, मग दारू, आणि मग सीटिंग डायमधे, म्हणजे साच्यात, दांड्यानं बुलेट ठराविक खोलीपर्यंत दाबून बसवायची, शेवटी पसरवलेलं तोंड परत सरळ करायचं, त्याला क्रिंप म्हणतात. ९ मिमीला एकूण लांबी जास्तीत जास्त २९.६९ मिमी, त्याच्या आत तुमच्या बुलेटसाठी पुस्तकात जी दिलीय ती धरायची.

तर माझी लांबी टिकंना. पहिली वीस बरोबर, मग एकेक शतांश करत आखूड व्हायला लागली. मी प्रेसला दोष दिला, पितळेला दोष दिला, बायकोनं हॅंडल ओढलं असणार असं पण म्हणालो (ते महागात पडलं). शेवटी डाय उघडली तर आत वरच्या टोकाला मेणाचा थर साचलेला. शिशाच्या बुलेटवर वंगणाचं मेण असतं, ते थोडं थोडं चिकटत जाऊन दांड्याची लांबी वाढवत होतं, म्हणून बुलेट खोल बसायच्या. आणि ९ मिमीत हे चेष्टेचं काम नाही, पुंगळी लहान, बुलेट थोडी खोल गेली की आतली जागा कमी होते आणि दाब झपकन वाढतो. ती सगळी बाजूला काढून हातोडीसारखं एक बुलेट काढायचं टूल असतं त्यानं ठोकून परत उघडली, दीडशे काडतुसं, एक आख्खा रविवार.

दुसरी माझी चूक, तोंड कमी पसरवलं होतं त्यामुळं बुलेट वाकडी बसून एका बाजूनं शिसं खरवडलं जायचं, अंगठीसारखी कात निघायची. म्हणून सांगतो दादा, तुमच्या ब्रीचमधे पण शिशाची कात अडकली आहे का बघा. जिथं मऊ शिसं जोरानं वाकडं ढकललं जातं तिथं कात निघतेच.

आंबेवाडी_आयटी | मंगळवार, सकाळी ८:३०

@डॅलस भारी माहिती. एक विचारू का, इथं पण लायसन्सवाल्यांना अशी घरी काडतुसं भरता येत असतील ना? काडतूस लय महाग पडतं ओ.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ८:५५

नाही. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, शस्त्र बाळगायचा परवाना त्यासाठी चालत नाही, आणि घरी पुंगळी भरणं हे बनवणंच झालं. पुढं कलम २५ मधे तुरुंगवासाची तरतूद आहे. त्यामुळं डॅलसवाल्यांचं वाचायचं, शिकायचं, आणि प्रेस-डाय ऑनलाईन शोधायच्या भानगडीत पडायचं नाही.

डॅलसचा_पंचगंगावाला | मंगळवार, सकाळी ९:१०

शंभर टक्के. मी कोल्हापुरात असताना छर्ऱ्याच्या बंदुकीच्या पुढं गेलो नव्हतो, त्या पण जत्रेतल्या फुग्यांच्या.

उद्यमनगरचा_टर्नर | मंगळवार, दुपारी १:२०

जत्रेतल्या बंदुकीची साईट मुद्दाम वाकडी असतीय हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं. बालपण गेलं वाया.

राजारामपुरी_७वी_गल्ली | मंगळवार, दुपारी ३:०५

मधेच बोलते, कुणी लिहिलं नाही म्हणून. माझा भाचा रायफल मारतो. ते शिशाचे छर्रे हाताळून झाले की साबणानं हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, आणि छर्रे तोंडात धरायचे नाहीत, काही पोरं दोन छर्रे ओठात धरून ठेवतात पटपट लोड करायला, मी स्वतः बघितलंय. आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या डब्यात छर्ऱ्यांवर पांढरी पूड धरते, ती शिशाचीच असते आणि विषारी असते. तसले छर्रे पुसून वापरायचे नाहीत, सरळ बाजूला करायचे. आणि छर्ऱ्याची पेटी झाडताना झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा, धूळ उडते.

रंकाळ्याचा_वारा | मंगळवार, दुपारी ३:३०

ताई हे खरंच माहीत नव्हतं. सरावाच्या मधे शेंगदाणे खायची सवय आहे तिला. आजपासून बंद. पेटी मीच झाडतो, तोंडाला रुमाल पण नसतो. तुमचे आभार.

रंकाळ्याचा_वारा | बुधवार, रात्री १०:१५

आज सगळं उघडून बघितलं, जरा सविस्तर लिहितो.

आधी सिलिंडर काढला, बोल्ट (छर्रा आत ढकलणारा दांडा) उघडून आत छर्रा नाही हे दोनदा बघितलं, आणि तोंड पेटीकडंच ठेवलं. बॅरलमधे डोळा घालून बघायचं नाही हे पोरीनंच मला शिकवलं, मागनं बघायचं. मोबाईलचा कॅमेरा झूम करून ब्रीचचा फोटो काढला आणि मोठा करून बघितला. डाव्या बाजूला, जिथं छर्रा नळीत शिरतो त्या कडेला, एक चंदेरी पापुद्रा चिकटलेला. नखाच्या कोरीएवढा. दिसायला आपल्या पापडाचा तुकडा कसा असतो तसा, पातळ आणि एका बाजूनं वळलेला. डॅलसवाल्यांनी म्हटलेली कात तीच. दातकोरणीनं अलगद काढली, सुई किंवा पिन वापरली नाही.

पण खरी गंमत पुढं आहे. ओ-रिंग बाहेर घेतली आणि बोटावर फिरवली तर एका ठिकाणी सपाट लागली. भिंगातनं बघितलं तर तिथं बारीक काप, आणि कापात शिशाचा कण रुतलेला. म्हणजे कधीतरी छर्रा वाकडा बसला, तिनं बघितलं नाही, लिव्हर जोरानं दाबली, स्कर्ट बोल्ट आणि ब्रीचच्या मधे चिमटला, कात निघाली आणि रिंगला काप पडला. तिला विचारलं तर आठवलं तिला, "एकदा कटकन् झालं होतं पण शॉट दहा लागला मग मी गेलो पुढं." दहा लागला म्हणून दुर्लक्ष! मी असतो तर मी पण केलं असतं म्हणा.

आता कोड्याचा एक तुकडा र्‍हायला. रिंग फाटलेली म्हणजे प्रत्येक शॉटला फस्स् व्हायला पाहिजे ना? पाच-सहालाच का?

कळंबा_रोड | बुधवार, रात्री १०:४०

कारण काप छोटा आहे. चांगला गोल स्कर्टवाला ४.५० चा छर्रा घट्ट बसला की हवा बहुतेक त्याच्या मागंच जाते आणि कापातनं निसटणारी नगण्य. पण ज्या वेळी चेपका छर्रा येतो आणि चेपलेली बाजू नेमकी कशीही बसते, त्या वेळी दोन गळत्या एकत्र होतात. एकेकटा दोष लपून बसतो आणि दोन एकत्र आले की आठ. म्हणून तर तुम्ही दीड महिना शोधत होता. नुसती रिंग बदलली असती तरी थोडं सुधारलं असतं आणि तुम्ही म्हणाला असता झालं, आणि चेपके छर्रे तसेच राहिले असते.

नवी रिंग बसवताना सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवा, बोट चकाकेल एवढंच. तेल अजिबात नको, कुठलंच. आणि बॅरल आत फेल्टच्या गुटख्यांनी साफ करा, म्हणजे ते छोटे फेल्ट येतात ना, ते. लोखंडी सळई घालू नका.

मिसळ_मेंबर | बुधवार, रात्री १०:४४

फेल्टचे गुटखे. एक पुडी माझ्याकडं पण पाठवा.

कळंबा_रोड | बुधवार, रात्री १०:४६

फेल्ट पेलेट म्हणतात बाबा त्याला, झोपतो मी आता.

उद्यमनगरचा_टर्नर | गुरुवार, दुपारी १:३५

दादा रविवारी शॉपवर या पिस्तूल घेऊन. मशीन व्हाईसला रबराचे जबडे लावतो, ग्रिपवर पकडतो, बॅरल मोकळी. शेड लांबच लांब आहे आणि रविवारी कुणी नसतंय. छर्रे ४.४९ आणि ४.५० वेगवेगळे करून टेस्ट मारू, माणूस मधनं गेला की पिस्तूल काय म्हणतंय ते कळंल. पोरीला पण आणा, तिचंच पिस्तूल हाय.

रंकाळ्याचा_वारा | रविवार, सायंकाळी ७:२५

आज उद्यमनगरात जाऊन आलो. टर्नरभाऊ माणूस म्हणजे नाद खुळा, चहा तीनदा, आणि बिल विचारलं तर म्हणाला पोरगी मेडल घेऊन आली की पेढे. शुक्रवारी कुरियरनं मूळ ओ-रिंगा आल्या होत्या त्या बसवूनच गेलो.

मिक्स झालेले छर्रे परत वेगळे करता येत नाहीत, त्यामुळं ते सगळे बाजूला ठेवले आणि ४.४९ चा एक आणि ४.५० चा एक असे नवे डबे घेतले. खर्च झाला पण काय करणार. मिक्सच्या डब्यातले पन्नास सराफाकडं वजन केले होते, ०.४८ पासून ०.५१ ग्रॅमपर्यंत निघाले, त्यांनी पण गंमत म्हणून केलं, म्हणाले आमच्याकडं एवढा फरक पडला तर गिऱ्हाईक घरी येऊन भांडंल.

व्हाईसमधे पिस्तूल, पाच-पाच शॉटचे ग्रुप, मागं जाड लाकडी ओंडका आणि पत्रा. ४.५० चे पाच शॉट एकाच भोकात, बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत सात मिमी, तीनदा मारलं, सात, सात, साडेसात. ४.४९ चे नऊ ते साडेनऊ. मग टर्नरभाऊनं मिक्सच्या डब्यातले मुद्दाम चेपके निवडून पाच मारले तर भोक लांबट होऊन खाली ओघळलं, चौदा मिमी. नवी रिंग असूनसुद्धा! आणि मग जुनी फाटकी रिंग परत घालून चेपका छर्रा मारला. फस्स्. शॉट बाकीच्यांपासून वीस मिमी खाली. मास्तरांनी सांगितलेला आकडा १९, आम्हाला वीस. पोरगी एवढी ओरडली की शेजारच्या शेडमधला वॉचमन बघायला आला.

व्हाईस हलत नाही, व्हाईसचं मनगट सुटत नाही, व्हाईस रात्री मोबाईल बघत नाही, असं तिनं मला तीनदा ऐकवलं.

निवृत्त_मास्तर | रविवार, सायंकाळी ७:५०

एक मिलिमीटरचा फरक आला तो माझ्या वयामुळं समजा. फोटो टाका ना त्या टार्गेटचा, मी वर्गात दाखवायचो तसं फळ्यावर लावतो घरी.

राजारामपुरी_७वी_गल्ली | रविवार, रात्री ८:१०

छान झालं. लेकीला सांगा २०१० ला म्युनिकला आपल्या तेजस्विनी सावंतनं नेमबाजीची वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले होते, २०१८ ला राही सरनोबतनं एशियन गेम्सला गोल्ड घेतलं तेव्हा पण, आणि स्वप्नील कुसळे तर राधानगरीतल्या कांबळवाडीचा पोरगा, २०२४ ला पॅरिसमधे ऑलिम्पिकचं ब्राँझ. पेढेवाल्याकडं आमचं खातं चालू आहे.

आंबेवाडी_आयटी | रविवार, रात्री ८:३०

दादा मग आता लोड करायची पद्धत बदलली का? माझा भाचा पण न बघता करतो.

रंकाळ्याचा_वारा | रविवार, रात्री ९:००

हो, कळंबा रोडवाल्यांनी फोनवर समजावलं. पिस्तूल टेबलावर टेकवायचं, तोंड टार्गेटकडं, बोल्ट उघडायचा, छर्रा स्कर्टला न धरता कंबरेला धरायचा, डोकं पुढं करून खाचेत आडवा ठेवायचा आणि एक क्षण बघायचं की तो सरळ लोळलाय का तिरका उभा आहे. मग लिव्हर हळू. अडलं तर जोर नाही, उघडायचं, काढायचं, दुसरा घ्यायचा. ७५ मिनिटांत ६० शॉट असतात, एका शॉटला सव्वा मिनिट, त्यातले दोन सेकंद बघायला गेले तर काय बिघडत नाही. टीव्हीवरचे मोठे खेळाडू पण बघतात म्हणे, कॅमेरा तेव्हा चेहऱ्यावर असतो म्हणून आपल्याला दिसत नाही.

कळंबा_रोड | रविवार, रात्री ९:१५

आणि छर्रे परत सुट्टे डिकीत टाकू नका. ट्रे घ्या किंवा मूळ डब्यातच ठेवा, झाकणाच्या आत गोल स्पंज असतो तो फेकायचा नाही. अर्धा डबा रिकामा झाला तरी तो स्पंज छर्ऱ्यांना दाबून धरतो, हलू देत नाही. बरेच जण तो पॅकिंग समजून टाकून देतात. तुमच्या त्या पहिल्या दोन डब्यांत होता का तो?

रंकाळ्याचा_वारा | रविवार, रात्री ९:४०

आत्ता घरात चौकशी केली. धाकट्याला विचारलं तर तो हळूच देवघराच्या खालचा कप्पा उघडून गणपतीच्या डेकोरेशनची पिशवी घेऊन आला. दोन गोल स्पंज, एकावर लाल वेलवेट कागद चिकटवलेला, एकावर निळा. लाल उंदराची गादी, निळा त्याचा लोड.